ठाण्यात १३२१ साली मारला गेलेला तोलेन्तिनोचा थॉमस

खाडीकाठ

ठाण्यात माझा जन्म गेला. तलावपाळीवरच्या सेंट जॉन चर्चसमोरून किती वेळा गेलो असेन, गणती नाही. पण आपल्या गावात सातशे वर्षांपूर्वी चार ख्रिस्ती संन्याशांना ठार मारलं गेलं, आणि त्यातल्या एकाचं शिर आजही इटलीतल्या एका कॅथेड्रलमध्ये जपून ठेवलंय, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

चौघांची नावं अशी: तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रिअस. तिफ्लिस म्हणजे जॉर्जियाची आजची राजधानी तिबिलिसी. चौघेही संत फ्रान्सिसच्या पंथातले, म्हणजे फ्रान्सिस्कन. त्यांचं मरण बऱ्याच ठिकाणी सापडतं. मला मात्र थॉमसची त्याआधीची साठेक वर्षं सोडवत नाहीत.

हा माणूस साधारण १२६० च्या आगेमागे मध्य इटलीतल्या मार्के प्रांतात जन्मला. तरुणपणीच फ्रान्सिस्कन झाला. फ्रान्सिसने सांगितलेलं दारिद्र्य कितपत पाळायचं, यावरून तेव्हा पंथात मोठी फूट पडली होती. मठांच्या इमारती झाल्या, धान्याची कोठारं झाली, देणग्या आल्या. काहींना ते चालत होतं. थॉमस ज्या गटात होता त्याला अजिबात चालत नव्हतं. १२७४ साली ल्यों शहरात धर्मसभा भरली, तेव्हा मार्केत अशी आवई उठली की पोप आता भिक्षूंना मालमत्ता बाळगायला भाग पाडणार. या मंडळींनी सांगून टाकलं, असा हुकूम आला तरी आम्ही मानणार नाही.

त्याबद्दल त्यांना त्यांच्याच पंथाने कैदेत टाकलं. वर्षभर नाही, जवळजवळ दहा वर्षं. शिक्षा जन्मठेपेची होती. पायात साखळ्या, पुस्तकं काढून घेतलेली. थॉमससोबत कैदेत असलेल्या आंजेलो क्लारेनो या भिक्षूने पुढे सगळं लिहून ठेवलं. तो सांगतो की ही शिक्षा मठात दर आठवड्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवली जाई. एका भिक्षूने ऐकता ऐकता म्हटलं की ही शिक्षा देवाला आवडणारी नाही. त्यालाही कोठडीत ढकललं आणि तो तिथेच गेला.

१२८९ साली पंथाचा नवा प्रमुख निवडला गेला, रेमंड गॉफ्रिडी. तो मार्केत आला, यांचा गुन्हा काय म्हणून त्याने विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाला की हाच गुन्हा असेल तर आपला सगळा पंथच असा गुन्हेगार निघाला असता तर बरं झालं असतं! त्याने त्यांना सोडलं. पण मायदेशात राहणं त्यांना अवघडच होतं, म्हणून त्यांना आर्मेनियाला पाठवलं. हे आर्मेनियाचं राज्य भूमध्य समुद्राकाठचं, आजच्या दक्षिण तुर्कस्तानातलं, किलिकियाचं. तिथला राजा दुसरा हेथुम याने फ्रान्सिस्कन संन्यासी मागवले होते आणि पुढे तो स्वतःही त्या पंथात गेला.

१२९१ साली पॅलेस्टाइनमधलं युरोपीय ख्रिस्त्यांचं अक्को हे बंदर पडलं, इजिप्तच्या मामलुक सुलतानांची फौज आर्मेनियाच्या दारात आली. तेव्हा हेथुमने पोपकडे आणि फ्रान्स-इंग्लंडच्या राजांकडे मदत मागायला ज्यांना पाठवलं त्यांत थॉमस होता. कालपरवा साखळीत असलेला माणूस आज राजांच्या दरबारात उभा! मदत काही आली नाही, तो भाग वेगळा.

पुढे त्याने चीनच्या मोहिमेचं काम अंगावर घेतलं. खानबालिकमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, मोन्तेकोर्व्हिनोचा जॉन नावाचा फ्रान्सिस्कन एकटाच खपत होता. त्याची पत्रं पोप पाचव्या क्लेमेंटपर्यंत थॉमसने पोचवली, आणि १३०७ साली त्या जॉनला खानबालिकचा आर्चबिशप नेमलं गेलं. आता थॉमसला स्वतः तिकडे जायचं होतं. वय साठीला आलेलं. ताब्रिझहून होर्मुझ, होर्मुझहून जहाज. सोबत वर सांगितलेले तिघे आणि जॉर्डानुस नावाचा एक डॉमिनिकन संन्यासी. जायचं होतं केरळातल्या कोल्लमला, तिथून पुढे चीनकडे. जहाज लागलं ठाण्याला.

१३२१ चं ठाणं डोळ्यांसमोर आणा. देवगिरीचं यादवांचं राज्य दिल्लीने १३१८ मध्ये कायमचं बुडवलं होतं. दिल्लीत १३२० मध्ये उलथापालथ होऊन घियासुद्दीन तुघलक गादीवर आला होता. ठाण्यात दिल्लीच्या वतीने एक मलिक, म्हणजे कारभार पाहणारा अधिकारी होता आणि एक काझी. याच सुमारास ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी इथे येऊन गेला. तो लिहितो की गावात नेस्तोरियन, म्हणजे रोमला न मानणाऱ्या पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती. त्यांतल्याच एका घरी हे पाहुणे उतरले. जॉर्डानुस सोपाऱ्यामार्गे भरूचकडे बाप्तिस्मे द्यायला निघाला. मागे चौघे राहिले.

एका रात्री त्या घरात नवऱ्याने बायकोला मारलं. सकाळी ती काझीकडे फिर्याद घेऊन गेली. साक्षीला कोण, असं काझीने विचारल्यावर ती म्हणाली, घरात चार फिरंगी संन्यासी होते, त्यांना विचारा. तिथे अलेक्झांड्रियाचा एक माणूस बसला होता. त्याने काझीला सुचवलं की हे लोक शास्त्र जाणणारे दिसतात, बोलावून घ्या, धर्माबद्दल वाद घालू. पीटरला सामानापाशी ठेवून तिघे गेले.

वाद ख्रिस्ताच्या देवत्वावरून पैगंबरांवर आला. तुमचं मत काय, असं पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. थॉमसने जे उत्तर दिलं ते फार कठोर होतं, ते शब्द मी इथे लिहीत नाही. त्यानंतर त्यांना उन्हात उभं केलं. एप्रिलमधलं ठाण्याचं ऊन! मग होळी पेटवून जेम्सला आत टाकलं, तो न भाजता बाहेर आला. दुसऱ्यांदा दुप्पट मोठी आग, अंगावरचे कपडे उतरवून तेल माखलेलं, तरी काही झालं नाही, असं ओदोरिक सांगतो. जमलेले लोक ओरडायला लागले की हे साधू आहेत, यांना हात लावणं पाप आहे. मलिकाने जेम्सला कपडे दिले आणि म्हणाला, जा, पण लगेच गाव सोडा, काझी तुमच्या जिवावर उठलाय. त्यांना खाडीपलीकडे पोचवलं आणि एका मूर्तिपूजकाच्या, म्हणजे हिंदूच्या घरी त्यांना आसरा मिळाला.

रात्री काझीने मलिकाचं मन फिरवलं. चार हत्यारबंद माणसं खाडी ओलांडून गेली आणि तिघांची डोकी उडवली. तो दिवस गुरुवार, ९ एप्रिल १३२१, झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या आधीचा. मागे राहिलेला पीटर नंतर सापडला. धर्म सोड म्हणून त्याला आमिषं दाखवली, छळलं, झाडाला टांगलं, शेवटी ११ एप्रिलला मधोमध चिरलं.

तुमच्यापैकी कुणाला आणखी माहिती असेल तर जरूर लिहा.

बोळिंजकर

खाडीकाठ, तुमच्या लेखात सोपारा एकाच ओळीत आलं, म्हणून आमच्या गावच्या वतीने भर घालतो. जॉर्डानुसला ही बातमी वाटेत कळली, तो परत फिरला आणि त्याने ते देह सोपाऱ्याला आणून पुरले. म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात.

आमच्याकडे बुरुड राजाचा कोट म्हणून टेकाड आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं तेव्हा आत स्तूप निघाला, दगडी करंडा निघाला, आणि त्यात भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे तुकडे होते. मी लहानपणी आजोबांबरोबर तिथे जायचो. तुमचा लेख वाचून पहिल्यांदा लक्षात आलं की भिक्षापात्राच्या खापऱ्या जिथे जपून पुरल्या, त्याच गावच्या मातीत भीक मागून जगण्याच्या हट्टापायी दहा वर्षं कैद भोगलेल्या माणसालाही पुरलं होतं.

जिज्ञासू

लेख मन लावून लिहिलाय, त्यामुळे शंकाही मनापासून विचारतो. दोनदा आगीत टाकून माणूस भाजत नाही, हे इतिहास म्हणून कसं घ्यायचं? आणि ओदोरिक तिथे प्रत्यक्ष होता का? नसेल तर त्याने हे कुणाकडून ऐकलं?

खाडीकाठ

जिज्ञासू, रास्त प्रश्न. ओदोरिक तिथे नव्हता, तो घटनेनंतर आला. आणि त्याने आपला प्रवास स्वतःच्या हाताने लिहिलाच नाही. मे १३३० मध्ये पादुआच्या मठात तो सांगत गेला आणि दुसऱ्या एका भिक्षूने लिहून घेतला. पुढच्या जानेवारीत तो वारला. म्हणजे ठाण्यात ऐकलेलं, वर्षानुवर्षं मनात घोळलेलं, मरणाच्या दारात सांगितलेलं. आगीचा प्रसंग मी श्रद्धेची कथा म्हणून वाचतो. सतराशे साठ संतांच्या चरित्रांत आपण असंच वाचतो की.

पण हत्या झाली, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. जॉर्डानुसचं पहिलं पत्र त्याच वर्षीचं, ऑक्टोबर १३२१ चं आहे, सौराष्ट्रातल्या घोघ्याहून लिहिलेलं. दुसरं त्यानंतर दोनेक वर्षांनी खुद्द ठाण्याहून. त्यात तो सांगतो की अडीच वर्षं मी एकटा फिरतोय, सोबत्यांच्या मुकुटात, म्हणजे त्यांच्या हौतात्म्यात, वाटा मिळावा इतकी माझी योग्यता नव्हती. त्याच पत्रात साधा हिशेबही आहे: भरूचला नव्वदेक बाप्तिस्मे, नंतर आणखी वीस, ठाणं आणि सोपारा यांच्या दरम्यान पस्तीस. चमत्कार रंगवून सांगणारा माणूस असे आकडे देत बसत नाही. हा जॉर्डानुस पुढे कोल्लमचा बिशप झाला. त्याच्या भारतवर्णनात फणसाचंही कौतुक आहे, एक फळ पाच जणांना पुरतं म्हणून. म्हणजे तो इथे राहिला, इथलं खाल्लं.

दर्यावर्दी

मी कोकणी मुसलमान आहे, म्हणून थोडं थांबून लिहितोय. थॉमसचे शब्द तुम्ही गाळलेत, त्याबद्दल आभार. ते आमच्या मनाला लागले असते. वाद घालायला बोलावून मग पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारून माणसाला कोपऱ्यात नेणं, हेही मला बरोबर वाटत नाही.

एक गोष्ट लोक विसरतात. या किनाऱ्यावर मुसलमान दिल्लीच्या फौजेबरोबर आलेले नाहीत. त्याच्या चारशे वर्षं आधी, ९१५-१६ च्या सुमारास, अल-मसूदी चौलला आला होता. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते, त्यांचा स्वतःचा मुखिया होता, आणि राज्य होतं राष्ट्रकूटांचं. त्यांना त्या राजाने आपल्या धर्माने राहू दिलं. ठाण्यातले नेस्तोरियनही असेच व्यापाराच्या वाटेने आलेले असणार. १३२१ चा काझी म्हणजे इथला सगळा मुसलमान नव्हे.

नवनीत_जुना

शेवटी काय, तेच सिद्ध झालं. त्या राजवटीत दुसऱ्या धर्माच्या माणसाला जागाच नव्हती. उगाच गोड गोड लिहू नका.

खाडीकाठ

नवनीत, गोड लिहिलेलं नाही. चार निःशस्त्र माणसांना मारलं हे वर स्पष्ट लिहिलंय, एकाला चिरलं तेही लिहिलंय. पण ओदोरिकचं पुढचं पानही वाचायला हवं. त्याच्या सांगण्याप्रमाणे मलिकाला झोपेत ते संन्यासी तलवारी घेऊन दिसायला लागले. घाबरून त्याने त्यांच्या नावाने चार मशिदी बांधवल्या आणि प्रत्येकीत आपले धर्मगुरू बसवले. पुढे दिल्लीच्या बादशहाच्या कानावर गेलं, तेव्हा मलिकाला बांधून नेलं आणि या हत्येबद्दल ठार केलं. काझी पळून गेला. यातलं किती शब्दशः घडलं हा प्रश्न आहेच, पण सांगणारा फ्रान्सिस्कन आहे. मेलेले त्याचे बंधू आहेत. तरी सुलतानाला दोष द्यावा असं त्याला वाटलं नाही, न्याय त्यानेच केला असं तो सांगतो.

आणि त्यांना घर कुणी दिलं? आधी नेस्तोरियनाने. रोमच्या हिशेबी तो पाखंडी. मग हिंदूने. सोडून कुणी दिलं? पहिल्यांदा मलिकानेच. थॉमसला दहा वर्षं साखळीत कुणी ठेवलं? त्याच्याच पंथाने. यातलं एक काढून दुसरं ठेवलं तर थॉमसचं आयुष्य राहत नाही.

कुपारी

आम्ही वसईचे. आमच्या मराठीत मार्टरला रक्तसाक्षी म्हणतात. रक्ताने दिलेली साक्ष. आणि इथे तर चौघे खरोखरच साक्ष द्यायला बोलावले गेले होते, हे वाचून अंगावर काटा आला.

लहानपणापासून आम्हाला रक्तसाक्षी म्हणून एकच नाव ठाऊक, संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मले, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मरण आलं, १८६२ मध्ये संतपद मिळालं. तेही फ्रान्सिस्कनच. पण आमच्याच सोपाऱ्यात त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधी फ्रान्सिस्कन रक्तसाक्षी पुरले होते, हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. सगळे म्हणतात, वसईत ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांनी १५३४ नंतर आणला. आमचा बाप्तिस्मा त्यांच्याच काळातला, ते खरंच आहे. पण त्याआधीही इथे येशूचं नाव घेणारी माणसं होती.

थॉमस आता धन्यवादित आहेत ना? संतपदाच्या आधीची पायरी. त्यांचा सण कधी?

खाडीकाठ

कुपारीताई, हो. पोप तेराव्या लिओने १८९४ मध्ये थॉमसला धन्यवादित म्हणून मान्यता दिली. सण ९ एप्रिलला.

इटलीहून_मी

मी गेली काही वर्षं इकडे आहे. हा धागा वाचून मागच्या शनिवारी मुद्दाम तोलेन्तिनोला जाऊन आलो. गावात सगळी गर्दी संत निकोलसच्या बॅसिलिकेत. तो थॉमसचाच समकालीन, १३०५ मध्ये वारला, आणि तोलेन्तिनो म्हटलं की जगाला तोच आठवतो. कॅथेड्रल थोडं बाजूला, संत कातेर्व्होच्या नावाचं. आत कातेर्व्होची चौथ्या शतकातली कोरीव दगडी शवपेटी आहे. थॉमसचं शिर याच कॅथेड्रलमध्ये ठेवलेलं. मी बराच वेळ उभा होतो. एक आजी फुलं बदलायला आल्या. मी ठाण्याच्या जवळचा आहे म्हटल्यावर त्यांना काही कळलं नाही, पण जुन्या उच्चाराने "ताना" म्हटल्याबरोबर त्यांनी माझा हात हातात घेतला.

आणखी एक. सिएनाच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीचं भित्तिचित्र आहे, फ्रान्सिस्कनांच्या शिरच्छेदाचं, १३३० च्या दशकातलं. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो प्रसंग ठाण्याचा. पीटर सिएनाचा होता, म्हणजे गावच्या मुलाचंच मरण. चित्रात गुडघे टेकलेले संन्यासी, खाली पडलेली डोकी, वर सिंहासनावर राजा. आसपास जमलेल्या माणसांचे चेहरे मात्र मंगोल धाटणीचे. ठाणेकर कसा दिसतो हे चित्रकाराला कुठून कळणार.

बोळिंजकर

मग देह सोपाऱ्याहून इटलीला गेले का?

खाडीकाठ

नाही, आधी पूर्वेकडे गेले, आणि तीच मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. ओदोरिक इथे आला तेव्हा त्याने अस्थी उकरून काढल्या, चांगल्या कापडात गुंडाळल्या आणि सोबत घेतल्या. एका रात्री तो मुक्कामाच्या घरात त्या अस्थी उशाशी घेऊन झोपला होता. घराला आग लागली, सगळं जळलं, तो ज्या कोपऱ्यात होता तेवढा वाचला. मग कोल्लमला जाताना समुद्रात वारा पडला. हिंदूंनी आपल्या देवाला आळवलं, काही नाही. मुसलमानांनी दुवा मागितली, काही नाही. मग खलाश्याने ओदोरिकला आणि त्याच्या सोबत्याला सांगितलं, आता तुम्ही प्रार्थना करा, नाहीतर ही हाडं समुद्रात टाकू. दोघांनी प्रार्थना केली, तरी वारा नाही. शेवटी ओदोरिकने एक हाड नोकराच्या हाती देऊन जहाजाच्या नाळेवर पाठवलं आणि गुपचूप पाण्यात सोडायला सांगितलं. वारा सुटला.

उरलेल्या अस्थी त्याने चीनमधल्या झैतूनला, म्हणजे आजच्या च्वानझौला पोचवल्या. तिथे फ्रान्सिस्कनांचे दोन मठ होते, तिथे त्या ठेवल्या. थॉमसला चीनला जायचंच होतं.

अबोली

सगळं वाचलं. चार जणांबद्दल वाईट वाटलंच. पण माझं मन मघापासून त्या बाईपाशी अडकलंय. तिला नवऱ्याने मारलं. ती रात्रभर त्याच घरात राहिली आणि सकाळी एकटी काझीकडे गेली. वेगळ्या धर्माची असून गेली, म्हणजे तिथे न्याय मिळेल असा तिला विश्वास होता. काझीने साक्षीदार विचारले, तिने सांगितले, आणि साक्षीदार आले. मग त्यांना मारहाणीबद्दल एक प्रश्न तरी विचारला गेला का? वाद ख्रिस्त आणि पैगंबरांवर गेला आणि तिची फिर्याद तिथेच राहिली. तीन दिवसांत तिच्या घरचे चारही पाहुणे मेलेले. गावात तिच्याकडे लोक कसे बघत असतील?

आणि खाडीकाठ, एक तक्रार आहे. तुमच्या लेखातही ती बाजूलाच पडलीय. "यजमानाच्या घरात काहीतरी तंटा झाला" एवढंच लिहिलंयत तुम्ही.

खाडीकाठ

अबोलीताई, बरोबर आहे तुमचं. मूळ वृत्तांतात नवऱ्याने तिला बेदम मारलं असं स्वच्छ आहे. तंटा हा शब्द माझा. ते वाक्य आत्ताच बदललं.